कडक ब्रशने दात स्वच्छ होतात का? टूथब्रश कशाचा बनतो आणि कोणता घ्यावा

मागच्या वर्षावासात वर्धा शहरातल्या एका वस्तीत, बुद्धविहारात, आम्ही महिलांची बैठक घेतली. विषय दातांचा होता. घरातले सगळे ब्रश घेऊन या, असा निरोप आदल्या दिवशीच दिला होता. विहाराच्या ओट्यावर पेपर अंथरला आणि त्यावर ब्रश मांडले. निम्म्याहून जास्त ब्रशांचे केस फड्यासारखे पसरलेले होते. एका घरात माणसे सहा आणि ब्रश दोन. दांडीवर काय लिहिले आहे ते मुलींकडून वाचून घेतले, तर बहुतेकांवर 'हार्ड' नाहीतर 'मिडियम'.

आम्ही विचारले, नरम ब्रश कोणीच का घेत नाही? एक ताई म्हणाल्या, "सिस्टर, नरम ब्रशनं का होते जी? कडक असला त दात साफ निंगते." बाकीच्यांनी माना हलवल्या. एका आजीने ब्रश आणलाच नव्हता. कमरेची तपकिरीची डबी दाखवून ती म्हणाली, "माहा ब्रश हाच."

या दोन उत्तरांमुळे हा लेख लिहावा लागला. कडक ब्रशने दात साफ होतात हा गैरसमज आहे, आणि तपकीर हा ब्रश नव्हे, तो रोग आहे. हे नीट समजायचे असेल तर ब्रश कशाचा बनतो, पूर्वी कशाचा बनत होता आणि त्यातले दात साफ करण्याचे काम नेमके कोण करते, हे समजून घेतले पाहिजे.

भगवान बुद्ध आणि दंतकाष्ठ

दात घासणे ही शहरी लोकांची किंवा इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट आहे, असे काहींना वाटते. तसे नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा, म्हणजे दातूनच्या काडीचा नियम आहे. भिक्खू दातून करत नव्हते, त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. तेव्हा भगवान बुद्धांनी दातून न करण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना ते चांगले नाही, तोंडाला दुर्गंधी येते, चव नेणाऱ्या नाड्या शुद्ध होत नाहीत, अन्नावर पित्त आणि कफ चढतो, आणि जेवण गोड लागत नाही. म्हणून त्यांनी दंतकाष्ठाची परवानगी दिली.

पुढची गोष्ट मजेशीर आहे. काही भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. मग नियम झाला की काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको. त्यानंतर एका भिक्खूने फारच आखूड काडी घेतली आणि ती त्याच्या घशात अडकली. मग दुसरा नियम झाला, चार अंगुळांपेक्षा आखूडही नको. यात कुठे मंत्र नाही, मुहूर्त नाही. शरीराला काय चांगले, काय वाईट हे पाहून नियम केला आणि अनुभव आला तसा तो सुधारला. आरोग्याकडे पाहण्याची हीच रीत आपली आहे.

सातव्या शतकाच्या शेवटी इ-त्सिंग नावाचा चिनी भिक्खू नालंदा महाविहारात सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने तिथल्या दिनचर्येत दातूनची पद्धत लिहून ठेवली आहे. काडीचे एक टोक चावून चावून मऊ करायचे, त्याने दात घासायचे, मग काडी चिरून वाकवायची आणि तिने जीभ खरवडायची. टोक चावून मऊ करायचे, हा त्यातला मुख्य शब्द आहे. कडक काडी दातांवर घासा असे तो सांगत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात आजही खेड्यांत बाभळीची नाहीतर कडुनिंबाची दातून चालते. ती वाईट नाही. ताजी ओली काडी असेल, टोक चांगले चावून धाग्या-धाग्यांची कुंची केली असेल आणि हलक्या हाताने वापरली, तर दाताचा दर्शनी भाग साफ होतो. अडचण दोन ठिकाणी येते. मागच्या दाढा आणि दातांची आतली बाजू तिथे सरळ काडी नीट पोहोचत नाही. आणि घाईत लोक टोक न चावताच काडी आडवी घासतात, त्याने हिरड्या सोलतात. शिवाय पेस्टमधले फ्लोराइड दात किडू नयेत म्हणून जे काम करते, ते काडीत नसते.

हाडाची दांडी, डुकराचे केस

केस लावलेला ब्रश सगळ्यात आधी चीनमध्ये वापरात आला. त्याची एक जुनी नोंदही एका भिक्खूचीच आहे. जपानचे दोगेन १२२३ मध्ये चीनला गेले. तिथले भिक्खू बैलाच्या शिंगाच्या दांडीत घोड्याचे केस बसवून त्याने दात घासतात, असे त्यांनी लिहिले. त्यांना ते आवडले नाही, त्यांच्या मते काडीच बरी. पण ब्रशची कल्पना पुढे गेली. घोड्याच्या केसांऐवजी डुकराचे राठ केस आले. थंड प्रदेशातल्या रानडुकराच्या मानेवरचे आणि पाठीवरचे केस सगळ्यात ताठ, म्हणून त्यांना भाव जास्त.

इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास विल्यम अॅडिस याने ब्रशचा कारखाना काढला. दांडी गुराच्या हाडाची, केस डुकराचे. हाड उकळायचे, चरबी काढायची, कापून घासून दांडी करायची, बारीक भोके पाडायची, केसांचे झुबके त्यात ओढून तारेने बांधायचे. पुढची दीडशे वर्षे ब्रश साधारण असाच बनत राहिला.

इथे आपल्या समाजाने थोडे थांबले पाहिजे. मेलेली ढोरे ओढणे, हाडे-कातडी वेगळी करणे ही कामे आपल्या आजा-पणज्यांवर लादलेली होती, आणि त्याच कामामुळे त्यांना अस्पृश्य म्हटले जात होते. उत्तर प्रदेशात डुकराच्या केसांचा धंदा खटिक समाजाकडे होता. कानपूर हे त्याचे मोठे केंद्र. भारतातून हे केस विलायतेला जात. तिथे त्यांचे ब्रश बनत आणि ते ब्रश साहेब लोक आणि इथले बडे घरंदाज लोक रोज सकाळी तोंडात घालत. केस तोंडात चालत होते, पण ते केस गोळा करणाऱ्याचा हात चालत नव्हता. विटाळ वस्तूत कधीच नव्हता, तो माणसाच्या डोक्यात होता.

आरोग्याच्या दृष्टीने या केसांच्या ब्रशात खरे दोष वेगळेच होते. प्राण्याचा केस आतून पोकळ असतो. त्यात पाणी शिरते, तो लवकर वाळत नाही, आणि ओलाव्यात जंतू वाढतात. प्रत्येक केसाची जाडी वेगळी, म्हणून कुठे टोचतो, कुठे वाकतो. टोके फाटतात, केस गळून तोंडात येतात. आजही काही दुकानांत 'नॅचरल' म्हणून प्राण्यांच्या केसांचे महाग ब्रश मिळतात. नैसर्गिक आहे म्हणून चांगले असेल असे समजून ते घेऊ नका.

नायलॉन आले

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या शास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले. नायलॉनची साडी आपल्याला माहीत आहे, पण नायलॉनची बाजारात आलेली पहिली वस्तू कापड नव्हती. ती टूथब्रश होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये नायलॉनच्या धाग्यांचा ब्रश अमेरिकेत विकायला आला. नायलॉनचे बायकांचे मोजे त्यानंतर बाजारात आले.

नायलॉनचा धागा कसा होतो? नायलॉनचे दाणे तापवून वितळवतात आणि तो रस बारीक छिद्रांच्या साच्यातून दाबून बाहेर काढतात. घरी सोऱ्यातून शेव पाडतो, तसेच. मग तो धागा थंड करून ताणतात, म्हणजे तो चिवट होतो. छिद्र जेवढे ठेवाल तेवढीच धाग्याची जाडी, सगळीकडे सारखी. धागा आतून भरीव असतो, पोकळी नसते. झटकला की लवकर वाळतो.

सुरुवातीचे नायलॉनचे ब्रश मात्र फार कडक होते. लोकांच्या हिरड्या दुखायच्या. पुढे १९५० नंतर बारीक, मऊ धागे करणे जमले. म्हणजे कडक ब्रश ही जुनी, मागे पडलेली गोष्ट आहे, आणि मऊ ब्रश ही नंतर झालेली सुधारणा. आपण मात्र दुकानात जाऊन पैसे देऊन जुनीच चूक विकत आणतो.

आज तुमच्या हातातला ब्रश कशाचा आहे?

साध्या ब्रशात तीन-चार वस्तू असतात.

दांडी : बहुतेक स्वस्त ब्रशांची दांडी पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची असते. हलके, पाण्याने न कुजणारे, लवकर न मोडणारे प्लॅस्टिक. बादल्या आणि डबेही याच जातीच्या प्लॅस्टिकचे होतात. वितळवून साच्यात ओततात आणि दांडी तयार होते.

रबरी पट्टी : काही दांड्यांवर अंगठ्याच्या जागी मऊ, रबरासारखा भाग असतो. ओला हात घसरू नये म्हणून तो. म्हाताऱ्या माणसाला किंवा हाताला कंप असणाऱ्याला जाड, रबरी पकडीची दांडी सोयीची पडते. बाकीच्यांना तिची गरज नाही.

केस : आपण केस म्हणतो, पण ते नायलॉनचे धागे असतात. काही ब्रशांत पीबीटी नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे धागे असतात. ते नायलॉनपेक्षा पाणी कमी शोषतात. दोन्ही चालतात.

धातूची चकती : ब्रशच्या डोक्यावर भोके असतात. धाग्यांचा झुबका मधोमध दुमडतात आणि धातूच्या बारीक चपट्या तुकड्याने भोकात ठोकून बसवतात. हा तुकडा बाहेरून दिसत नाही. हलक्या मालात तो नीट बसलेला नसतो, म्हणून झुबका निघून तोंडात येतो. लहान मुलांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे.

शेवटी धागे सारख्या उंचीवर कापतात आणि कापलेली टोके यंत्रावर घासून गोल करतात. हे शेवटचे काम फार महत्त्वाचे. कापलेला धागा नुसता ठेवला तर त्याचे टोक विळ्याने छाटलेल्या धसकटासारखे धारदार राहते. अगदी हलक्या, बिननावाच्या ब्रशांत टोके गोल करण्याचा खर्च वाचवतात. धागा मऊ असला तरी असा ब्रश हिरडीला ओरखडे काढतो.

बाजारात बांबूचे ब्रशही आले आहेत. दांडी बांबूची, पण धागे बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. किंमत जास्त. दांडी ओली राहिली तर बुरशी धरते. हौस असेल तर घ्या, पण त्याने दात जास्त साफ होतात असे नाही.

सॉफ्ट, मिडियम, हार्ड : फरक किती?

फरक धाग्याच्या जाडीचा आहे. सॉफ्ट ब्रशचा धागा साधारण ०.२ मिलिमीटर, मिडियमचा ०.३ आणि हार्डचा ०.४ मिलिमीटर जाड असतो. दिसायला हा फरक काहीच नाही. पण धागा दुप्पट जाड झाला की त्याचा ताठरपणा दुपटीने नाही, कितीतरी पटीने वाढतो. बारीक काडी बोटाने वाकते, दुप्पट जाडीची वाकवायला जोर लागतो, तसे.

आता दातांवर काय साफ करायचे असते ते पाहू. सकाळी उठल्यावर नखाने दात खरवडा. पांढरट, चिकट थर नखाला लागेल. तो जंतूंचा थर आहे. तो साखर खातो आणि आम्ल तयार करतो, त्या आम्लाने दात किडतात. हिरडीच्या कडेला तो साचला की हिरडी सुजते, रक्त येते. हा थर इतका मऊ आहे की नखानेसुद्धा निघतो. त्याला कडक ब्रशची गरजच नाही. गरज आहे ती हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत शिरेल अशा बारीक टोकाची. ते काम सॉफ्ट ब्रशच करतो. जाड धागा फटीच्या तोंडाशीच अडकतो आणि वरचा चपटा भागच घासत राहतो.

हा थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत तो दगडासारखा घट्ट होतो. पिवळा, काळपट, दाताच्या मुळाशी चिकटलेला. तो मग कोणत्याच ब्रशने निघत नाही. हार्ड ब्रशनेही नाही. तो डॉक्टरकडे मशीनने काढून घ्यावा लागतो. त्याने दात हलतात, हा गैरसमज आहे. दात आधीच त्या घट्ट थरामुळे सैल झालेले असतात, थर काढल्यावर ते जाणवते एवढेच.

आणखी एक. आपल्या शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. ते दाताच्या आतले असतात, घासून जात नाहीत. कितीतरी मुली ते घालवायला कडक ब्रशने आणि कोळशाने दात घासून घासून दात झिजवतात. त्यात त्यांचा दोष नाही आणि ती अस्वच्छताही नाही.

कडक ब्रश काय करतो? हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दातासारखे कठीण कवच नसते. रोज आडवा घासला की हिरडीच्या वर खाच पडते. मग थंड पाणी प्याले की सणक जाते, चिंच-लिंबू खाल्ले की दात आंबतात. गेलेली हिरडी आणि झिजलेले कवच परत येत नाही.

राख, कोळसा, विटेची भुकटी

ब्रश सॉफ्ट आणला आणि त्यावर राखुंडी घेतली तर काय उपयोग? गोवरीची राख, कोळसा, विटेची भुकटी, मीठ-वाळू यांचे कण खरखरीत असतात. भांडी घासतो तसा दातांवरचा डाग निघतो, पण सोबत कवचही निघते. तवा झिजला तर नवा आणता येतो, दात आणता येत नाही. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट घ्या. महागाची नको. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, सबंध ब्रशभर लागत नाही. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच.

तपकीर, मिसरी, गुल, गुडाखू

आता आजीच्या डबीकडे येऊ. तपकीर, ज्याला काही घरांत नस म्हणतात, भाजलेली तंबाखू म्हणजे मिसरी, गुल, गुडाखू, नाव काहीही असो, आत तंबाखू आहे. दात दुखतो म्हणून बाई ती लावायला सुरुवात करते. तंबाखूने थोडी बधिरता येते, बरे वाटते. मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते. हे दात घासणे नाही, हे व्यसन आहे. गुलच्या डबीवर दंतमंजन असल्यासारखी चित्रे असतात, म्हणून बायकांना आपण तंबाखू घेतो हेच माहीत नसते. लहान मुलीही आईचे पाहून बोट फिरवतात.

तंबाखू मिसळलेले मंजन आणि टूथपेस्ट बनवायला, विकायला भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. तरी वेगळ्या नावाने हा माल विकला जातो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, यात आता शंका राहिलेली नाही. सुपारीनेही होतो. आणि आपल्या विदर्भातला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, तिन्ही एकत्र.

आम्ही वॉर्डात ड्यूटीला होतो तेव्हा तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पाहिले आहेत. जबडा काढलेला, नळीने दूध. त्यांच्या तोंडाची स्वच्छता ब्रशने करता येत नसे, आम्ही गॉजचा तुकडा औषधात बुडवून करायचो. एका बाईने खुणेने विचारले होते, आता ब्रश कधी करता येईल? आमच्याकडे उत्तर नव्हते.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या आया-बहिणींना सांगितले होते की स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा. स्वच्छता आणि व्यसनमुक्ती ही दोन्ही त्यांनी एकाच वेळी सांगितली. तोंडाच्या बाबतीत ती दोन्ही एकच आहेत. विहारात पाचवे शील म्हणताना दारू आठवते, तशी कमरेची डबीही आठवली पाहिजे.

घरी एक तपासणी करा. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटे उभी, एकावर एक, दातांमध्ये घाला. तीन बोटे जात नसतील, तिखट लागले की तोंड आगीसारखे होत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवडे बरी न झालेली जखम असेल, तर वाट पाहू नका. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय, जे जवळ असेल तिथे जाऊन दाखवा. लवकर सापडले तर माणूस वाचतो.

ब्रश घ्यायचा कसा, वापरायचा कसा

दुकानात 'सॉफ्ट' मागा. दुकानदार "कडकच घ्या, टिकते" म्हणेल. टिकण्यासाठी ब्रश घ्यायचा नसतो. पाकीट बंद असावे, त्यावर कंपनीचे नाव-पत्ता आणि किंमत असावी. बाजारात ढिगातले सुटे ब्रश घेऊ नका. डोके लहान असावे, मागच्या दाढेपर्यंत गेले पाहिजे. घरी आणल्यावर केस हाताच्या मागच्या बाजूवर फिरवा. टोचले, ओरखडा उठला, तर टोके गोल नाहीत. झुबका हलका ओढून पाहा, निघाला तर ब्रश मुलाला देऊ नका.

पेन धरतो तसा ब्रश धरा, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवा आणि जागच्या जागी थोडे थोडे हलवा, मग दाताकडे ओढा. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावण्याची बाजू, शेवटी जीभ. दोन मिनिटे. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. एकदाच जमत असेल तर रात्रीची वेळ सोडू नका. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून जंतूंना रात्रच फावते.

हिरडीतून रक्त आले की लोक तिथे घासणे बंद करतात. उलट आहे. तिथे थर साचला आहे म्हणून रक्त येते. सॉफ्ट ब्रशने हलके, पण रोज घासा. आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर दाखवा. गरोदर बायांच्या हिरड्या जास्त सुजतात आणि शुगरच्या पेशंटचेही तसेच. त्यांनी ब्रश अजिबात बंद करू नये.

सात-आठ वर्षांपर्यंत लेकराचे दात आईबापाने घासून द्यावेत. ब्रश तोंडात धरून पोरांना पळू देऊ नका. पडले तर टाळूला जखम होते.

एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये. नवरा-बायकोनेही नाही. घासताना हिरडीतून न दिसणारे रक्त येत असते. कावीळ 'बी'चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. घरात माणसे सहा तर ब्रश सहा. रंग वेगळे घ्या, किंवा दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा.

वापरून झाला की ब्रश धुऊन, झटकून उभा ठेवा, डोके वर. ओला ब्रश झाकणात किंवा पिशवीत कोंडू नका. एकाच गिलासात सगळे ब्रश तोंडाला तोंड लावून ठेवू नका. टिनाच्या फटीत खोचलेल्या ब्रशावरून रात्री झुरळे फिरतात. कप्प्याची पट्टी भिंतीला ठोका, संडासापासून लांब. उकळत्या पाण्यात ब्रश टाकू नका, धागे वाकतात.

तीन महिन्यांनी ब्रश बदला, केस आधीच पसरले तर आधीच. महिन्याभरात केस पसरत असतील तर तुम्ही जोर जास्त लावता, असे समजा. वीस-पंचवीस रुपयांचा सॉफ्ट ब्रश तीन महिने चालतो, म्हणजे दिवसाला साधारण बावीस ते अठ्ठावीस पैसे. एका खर्र्याच्या पैशात घरातल्या एका माणसाचा तीन महिन्यांचा ब्रश येतो.

जुना ब्रश चुलीत टाकू नका

दांडी एका प्लॅस्टिकची, धागे दुसऱ्या, आत धातू. म्हणून भंगारवाला ब्रश घेत नाही. पॉलिप्रोपिलीन कुजतही नाही, नालीत पडला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि पावसात नाली तुंबते. काही घरांत चूल पेटवायला पन्नीसोबत जुना ब्रशही टाकतात. हे फार वाईट. प्लॅस्टिकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि नायलॉन जळाले की सायनाइडचा विषारी वायूही निघतो. तो धूर चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू घेते.

जुना ब्रश धुऊन कामाला ठेवा. शिलाई मशीन झाडायला, सायकलची चेन साफ करायला, कॉलर घासायला, परकरात नाडी ओवायला तो चालतो. अगदीच निकामी झाला की नगरपालिकेच्या गाडीत सुक्या कचऱ्यात द्या.

त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच विहारात गेलो. पुन्हा ब्रश मांडले. सहा माणसांच्या घरातून या वेळी पाच ब्रश आले, पाचही सॉफ्ट. सहावा कोणाचा राहिला, असे विचारले, तर ताई हसल्या, "आमच्या घरचे अजून खर्रा सोडत नाही जी, ब्रश काय करतील?" आजीची डबी कमरेलाच होती, पण तिने तोंड तपासू दिले. गालात पांढरा चट्टा होता. तिला आम्ही दवाखान्यात घेऊन गेलो, तपासणी चालू आहे.

आपल्या वस्तीतल्या महिला मंडळाने पुढच्या पौर्णिमेला विहारात असेच ब्रश मांडून पाहावेत, एवढीच विनंती. वंदना झाल्यावर अर्धा तास पुरतो.

जयभीम, नमो बुद्धाय.